सव्वा किलोचं गणित

दहा किलोची तलवार कशी दिसेल, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पोलादाचं वजन दर घन सेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम. म्हणजे दहा किलोसाठी सुमारे १,२७४ घन सेंटीमीटर पोलाद लागेल. पातं ८० सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद धरू. मध्ययुगीन युरोपातल्या एकहाती तलवारीचं हे साधारण माप. ८० गुणिले ५ म्हणजे ४००. आता १,२७४ ला ४०० नं भागलं की जाडी मिळते: ३.२ सेंटीमीटर. सव्वा इंच! एवढ्या जाडीचा लोखंडाचा चौकोनी गज होतो, तलवार होत नाही. आणि त्याला धार काढायला बसलं, तर निम्मं पोलाद घासून जाईल आणि दहा किलो काही उरणार नाहीत.

खऱ्या युरोपियन तलवारीचं पातं मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाड असतं आणि टोकाकडे दोन-तीन मिलिमीटरवर उतरतं. ३२ मिलिमीटर कुठे आणि ६ मिलिमीटर कुठे! तरीही जगभर दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. एक, युरोपातल्या चिलखती सरदाराची तलवार म्हणजे उचलता उचलता दमछाक व्हावी असं अवजड धूड. दुसरी, जपानी सामुराईची कताना अगदी हलकी, मनगटाच्या एका झटक्यात वारा कापणारी. या दोन्ही समजुती तराजूवर टिकत नाहीत.

संग्रहालयांमधल्या अस्सल तलवारींची वजनं पाहिली की हे लगेच कळतं. मूठ वगैरे सगळं धरून कताना भरते साधारण १ ते १.३ किलो. मध्ययुगीन युरोपातली एकहाती सरळ तलवार भरते ०.९ ते १.४ किलो. दोन हातांनी पेलायची युरोपियन लांब तलवार, म्हणजे लाँगसोर्ड, एकूण १०० ते १३० सेंटीमीटर लांब असते. कतानापेक्षा तिचं पातं सहज वीतभर जास्त. तरी तिचं वजन १.१ ते १.८ किलोच्या आतच राहतं. अर्थात, लांबीच्या मानाने पाहिलं तर युरोपियन तलवारच हलकी ठरते.

सगळ्यात चकवणारी आहे ती रेपियर. सिनेमात सुईसारखी सळसळणारी, तीन बोटांत धरल्यासारखी वाटणारी ही तलवार. प्रत्यक्षात सोळाव्या-सतराव्या शतकातल्या रेपियरचं पातं मीटरभर किंवा त्याहून लांब, आणि वजन १ ते १.३ किलो. कतानाएवढंच, आणि तेही एका हातात! आपण पडद्यावर पाहतो ती नाजूक तलवार अठराव्या शतकातली. ती खरोखरच चारशे-पाचशे ग्रॅमची असे, पण तोवर चिलखतांचा जमाना संपला होता.

आता महाकाय म्हणून ज्यांची ख्याती, त्या पाहू. सोळाव्या शतकातले जर्मन भाडोत्री सैनिक माणसाच्या उंचीएवढी दुहाती तलवार घेऊन लढत. लढाईत वापरलेल्या या तलवारी बहुतेक दोन ते सव्वातीन किलोंच्या. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या स्मारकात स्कॉटिश वीर विल्यम वॉलेसची म्हणून जपलेली तलवार १६३ सेंटीमीटर लांब आहे. तिच्याभोवती दंतकथांचं रान माजलं आहे, आणि तिचं वजन आहे २.७ किलो.

मग अवजडपणाची समजूत आली कुठून? एक कारण मिरवणुकी. राजे, नगरपालिका, धर्मपीठं यांच्यासमोर धरायला मुद्दाम मोठ्या तलवारी घडवल्या जात. त्या कोणी कधी फिरवणार नव्हतं, त्यामुळे वजनाला बंधन नव्हतं. नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या संग्रहालयात पियर खेर्लोफ्स डोनिया या फ्रिसियन बंडखोराची म्हणून दाखवली जाणारी तलवार २.१३ मीटर लांब आणि ६.६ किलो वजनाची आहे. अशी एखादी तलवार भिंतीवर पाहिली की बाकी सगळ्या तशाच असणार असं वाटतं.

दुसरं कारण खेळ. आजच्या तलवारबाजीत फॉइल आणि सेबर यांची वजनमर्यादा ५०० ग्रॅम, एपेची ७७० ग्रॅम. जपानच्या केंडोमध्ये प्रौढ पुरुषांची बांबूची तलवार किमान ५१० ग्रॅमची असावी लागते. दोन खंड, दोन परंपरा, आणि सरावाचं हत्यार दोन्हीकडे अर्ध्या किलोच्या आसपास येऊन थांबलं. एकोणिसाव्या शतकात युरोपात ज्यांनी जुन्या तलवारींचा इतिहास लिहिला, त्यातले पुष्कळ जण अशा हलक्या हत्यारांवर वाढलेले होते. त्यांच्या मनगटाला सव्वा किलो जड वाटलं आणि तेच पुस्तकांत उतरलं. ती समजूत पुसायला विसाव्या शतकात युअर्ट ओकशॉटसारख्या अभ्यासकाला उभं आयुष्य जुन्या तलवारी हाताळत, मोजत, त्यांची वर्गवारी करत घालवावं लागलं.

वजन जवळपास सारखंच, तर मग कताना आणि युरोपियन तलवार हातात इतक्या वेगळ्या का वाटतात? खरी गंमत इथे आहे, आणि ती किलोंमध्ये सापडत नाही. ती सापडते वजन कुठे ठेवलंय यात. क्रिकेटची बॅट हातात घ्या. तीही सव्वा किलोच्या आसपासच असते. दांड्याला धरून एका हाताने आडवी रोखून पाहा. काही सेकंदांत मनगट भरून येतं. आता तीच बॅट उलटी करा, रुंद भागाला धरा आणि दांडा पुढे काढा. एक ग्रॅमही कमी झालेला नाही, तरी ती सहज पेलते. खेळाडू ज्याला बॅटचा पिकअप म्हणतात, तोच तलवारीचा प्राण.

युरोपियन लोहारांनी हा प्रश्न मुठीच्या शेपटाला लोखंडी गोळा बसवून सोडवला. त्याला पॉमेल म्हणतात. वरवर पाहता तो शोभेचा वाटतो. त्याचा हिशेब मात्र थक्क करणारा आहे. समजा, तलवार १.२ किलोची, त्यातला गोळा ३०० ग्रॅमचा, आणि तोलाचा बिंदू, म्हणजे बोटावर ठेवली तर जिथे ती समतोल राहील ती जागा, मुठीच्या आडव्या दांड्यापासून १२ सेंटीमीटर पुढे. हाताची पकड त्या दांड्याच्या ५ सेंटीमीटर मागे. म्हणजे हातापासून तोलाचा बिंदू १७ सेंटीमीटरवर. मनगटावर येणारा भार १.२ गुणिले १७, म्हणजे २०.४.

आता गोळा काढून टाकू. तलवार ९०० ग्रॅमची झाली, चांगली पाव हिश्श्याने हलकी. पण तोलाचा बिंदू सरकून हातापासून २५ सेंटीमीटरवर गेला. ०.९ गुणिले २५ म्हणजे २२.५. वजन घटलं आणि मनगटावरचा भार दहा टक्के वाढला! हलकी तलवार जास्त जड झाली. आणि तो ३०० ग्रॅमचा गोळा परत बसवला, तर तलवार वळवताना होणाऱ्या विरोधात भर किती पडते? जेमतेम दोन टक्के, कारण तो हाताच्या अगदी जवळ आहे. म्हणून तर युरोपियन तलवारीचं टोक हव्या त्या जागी चटकन नेता येतं, भोसकायला घेतलेला हात ऐनवेळी दुसरीकडे वळवता येतो.

कतानाला असा गोळा नाही. तिच्या मुठीच्या टोकाला फक्त एक लहानसं टोपण असतं. तिथे काम करतो तो दुसरा हात. कतानाची मूठ २५ सेंटीमीटरच्या आसपास लांब असते. पुढचा हात गोल चकतीच्या, म्हणजे त्सुबाच्या लगेच मागे, आणि डावा हात मुठीच्या पार शेवटाला. दोन्हींत साधारण १५ सेंटीमीटरचं अंतर. वरचंच उदाहरण घेतलं, तर २०.४ चा भार तोलायला मागच्या हाताला फक्त १.४ किलोएवढा दाब खाली द्यावा लागतो. एका हाताने तीच तलवार धरली तर हे सगळं तळव्याच्या सात-आठ सेंटीमीटर रुंदीत निभवावं लागतं, आणि दाब जवळजवळ दुप्पट होतो. कताना चपळ वाटते त्याचं मोठं श्रेय या दोन हातांना आहे. युरोपियन सरदार तेवढ्याच वजनाची तलवार एकट्या उजव्या हातात धरून डाव्या हातात ढाल सांभाळत असे. तुलना करताना ही गोष्ट विसरली, की सगळा न्याय चुकतो.

पात्यांची घडणही उलटसुलट आहे. युरोपियन पातं रुंद पण पातळ: मुठीपाशी पाच सेंटीमीटर रुंद, मधोमध वजन कमी करणारी पन्हळ, आणि टोकाकडे जाडी निम्म्यावर. कतानाचं पातं अरुंद पण जाड: मुठीपाशी साधारण तीन सेंटीमीटर रुंद आणि सात मिलिमीटर जाड. टोकाकडे रुंदी घटते, जाडी मात्र पाच मिलिमीटरपर्यंतच उतरते. म्हणजे कतानाच्या पुढच्या भागात ऐवज जास्त राहतो. वार सुरू झाला की तो ऐवज पातं पुढे ओढत नेतो. कापायला हे उत्तम. पण मध्येच दिशा बदलायची असेल, तर सरळ युरोपियन पातं जास्त ऐकतं. त्यातून त्याला दोन धारा. समोरचा वार फुकट गेला, तर मूठ न वळवता मागच्या धारेने परतीचा वार करता येतो. इटलीतल्या फिओरे देई लिबेरीने १४१० च्या सुमाराला युद्धकलेवर सचित्र पोथी तयार केली. तिच्यातल्या आकृत्या पाहिल्या की या तलवारी डोक्यावर उगारून आदळण्यासाठी नव्हत्या हे उघड दिसतं. पकडी, अडकवणं, पातं हातात धरून टोक घुसवणं असे कितीतरी बारकावे तिथे आहेत.

जपानी पोलादच मुळात हलकं, असं सांगणारेही भेटतात. तसं काही नसतं. घड्या घालून पोलादाचं वजन बदलत नाही, ते ७.८५ च राहतं. बाकी घड्यांचे आकडे स्वतःच विलक्षण आहेत. शिमाने प्रांतातल्या योकोटा इथे पारंपरिक तातारा भट्टी १९७७ पासून पुन्हा पेटू लागली. एका खेपेला तीन दिवस-तीन रात्री सुमारे दहा टन लोहवाळू आणि बारा टन कोळसा तिच्यात ओतला जातो. हाती येतो अडीच टनांचा लोखंडी गोळा, आणि त्यातून तलवारीच्या लायकीचं पोलाद, तामाहागाने, निघतं टनभराच्या आसपास. बावीस टन आत, एक टन बाहेर.

ते पोलाद लोहार तापवतो, ठोकतो, दुमडतो. दहा घड्या म्हणजे १,०२४ थर. पंधरा घड्या म्हणजे ३२,७६८. सात मिलिमीटर जाडीला या आकड्याने भागलं, तर एका थराची जाडी मिलिमीटरच्या दोन-दशसहस्रांशाएवढी येते. आणखी पाच घड्या घातल्या तर थर होतात १०,४८,५७६, आणि प्रत्येक थराच्या जाडीत लोखंडाचे जेमतेम पंचवीस-तीस अणू बसतील. तिथे थर या शब्दालाच अर्थ राहत नाही. कार्बन इकडून तिकडे पसरून सगळं एकजीव झालेलं असतं. घड्यांचा हेतू तोच होता. भट्टीतलं पोलाद कुठे कडक, कुठे मऊ, कुठे मळीने भरलेलं असे. दुमडून दुमडून मळी बाहेर फेकली जाई आणि कार्बन सारखा वाटला जाई. दर घडीला काही धातू ठिणग्यांत आणि पापुद्र्यांत जळून जातो. म्हणून लोहार सहसा दहा-पंधरा घड्यांवर थांबतो.

जपानलाही अचाट आकाराचा मोह सुटला नव्हता. नागोयाच्या आत्सुता मंदिरात तारोताची नावाची तलवार आहे. पात्याची लांबी २२१.५ सेंटीमीटर, वजन ४.५ किलो. १५७० च्या आनेगावा लढाईत पडलेल्या माकारा नाओताकाची ती मानतात. ओकायामामधल्या एका शिंतो मंदिरातली, ओसाफुनेच्या नोरिमित्सूने १४४७ साली घडवलेली तलवार ३.७७ मीटर लांब आणि सुमारे साडेचौदा किलोची आहे. आणि यामागुची प्रांतातल्या हानाओका हाचिमान मंदिरात १८५९ मध्ये देवाला वाहिलेली तलवार आहे ४.६५ मीटर लांब आणि ७५ किलो वजनाची.

हे आकडे नुसते किलोंत वाचले तर त्यांची खरी भयंकरता कळत नाही. तलवार वळवायला होणारा विरोध वजनाच्या पटीत वाढतो, आणि त्याशिवाय लांबीच्या वर्गाच्या पटीत. साधी कताना मीटरभर लांब आणि १.२ किलोची धरली आणि आकार तोच मानला, तर नोरिमित्सूची तलवार बारापट जड आणि पावणेचारपट लांब. पावणेचारचा वर्ग चौदा. बारा गुणिले चौदा, म्हणजे ती फिरवायला साध्या कतानाच्या सुमारे १७० पट विरोध होईल. हानाओकाच्या तलवारीला? १,३५० पट. अशा तलवारी घडवणाऱ्या लोहाराचं कसब अफाट, पण ते माणसाच्या हातासाठी नव्हतं.

माणसाच्या हातासाठी काय लागतं, हे जपान्यांनी छिन्नीने लिहून ठेवलं आहे. चौदाव्या शतकात घोड्यावरून लढायला घडवलेली कितीतरी लांब पाती पुढे पायदळाच्या लढाईसाठी बुडख्याकडून छाटून आखूड केली गेली. त्या छाटणीत लोहाराने मुठीखालच्या भागावर कोरलेलं नावही गेलं. मासामुनेसारख्या थोर लोहाराची म्हणून मानली जाणारी बहुतेक लांब पाती आज बिनसहीची आहेत. उस्तादाची सही गेली तरी चालेल, पण तोल हाताला जुळलाच पाहिजे, असा तो सौदा होता.

या सगळ्याचा आपल्याशीही धागा आहे, आणि तो पोलादाचाच आहे. सोलिंगन, जेनोआ, तोलेदो इथली सरळ पाती समुद्रमार्गे दख्खनमध्ये येत. आपले कारागीर त्यांना स्वतःची मूठ चढवत, आणि त्या तलवारीला लोक फिरंग म्हणत. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची अशीच फिरंग महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. पातं युरोपात घडलेलं, मूठ इथली. फिरंगेची मूठ नीट पाहण्यासारखी असते. हाताला पूर्ण झाकणारी लोखंडी जाळी, मागे जाड गोल चकती, आणि त्या चकतीतून बाहेर आलेली एक दांडी. जाळी आणि चकती वजन हाताजवळ ओढून ठेवतात, म्हणजे युरोपियन गोळ्याचं काम करतात. आणि पूर्ण ताकदीने वार करायचा असेल तेव्हा दुसऱ्या हाताने ती दांडी पकडता येते, म्हणजे कतानाच्या लांब मुठीचं काम झालं. दोन्ही उत्तरं एकाच मुठीत. या मुठीइतकी हुशार रचना मला ना तोलेदोच्या तलवारीत दिसते ना क्योतोच्या.

म्हणून वीस-पंचवीस किलोच्या तलवारींचे संदेश मोबाइलवर फिरताना पाहिले की वाईट वाटतं. दहा किलोच्याच तलवारीचा हिशेब करा: तोलाचा बिंदू हातापासून ३५ सेंटीमीटरवर धरला तरी मनगटावरचा भार ३५०, म्हणजे चांगल्या तलवारीच्या सतरापट. असं हत्यार घेऊन लढणारा दुसऱ्या वाराला पोचणारच नाही. असे आकडे चिकटवून आपण वीरांना मोठं करत नाही. त्यांच्या हाताचं कसब आणि त्यांच्या लोहारांची अक्कल मात्र झाकून टाकतो. एकेक ग्रॅम कुठून काढायचा आणि कुठे ठेवायचा, हे ज्यांना कळलं होतं, त्यांचा हा अपमान आहे.

संग्रहालयांना एक विनंती आहे. तलवारीखालच्या पाटीवर आपण काळ आणि लांबी लिहिता. त्यासोबत ग्रॅममध्ये वजन आणि मुठीपासून तोलाच्या बिंदूचं अंतर, एवढे दोन आकडे आणखी लिहा. एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी, यापलीकडे त्याला काही लागत नाही.